छायाचित्रात लाभार्थी आढळून येत नाही

भाऊबीज उरकली की चकलांब्यात ट्रक येऊन उभे राहतात. कोयते, पत्र्याच्या पेट्या, लेकरं, कोंबड्या असं सगळं त्यात चढतं आणि आठ दिवसांत निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, शेळ्या, शाळेचे मास्तर आणि बद्रीनाथ फोटोग्राफर. यातल्या शेळ्या सोडल्या तर कुणाचा फारसा आवाज होत नाही.

बद्रीनाथचं ‘वर्षाराणी फोटो स्टुडिओ अँड झेरॉक्स’ स्टँडच्या रस्त्याला आहे. त्याला कुणी दुकान म्हटलेलं त्याला खपत नाही. दुकान किराण्याचं असतं, स्टुडिओ वेगळा. गेली बावीस वर्षं तो इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पांढरा रुमाल ठेवून स्टुडिओत बसतो. पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, साखरपुडे त्यानंच काढलेले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि जो तो फोटोग्राफर झाला. राहता राहिलं झेरॉक्स. तेही हंगाम सुरू झाला की बंदच म्हणायचं, कारण ज्यांच्या आधार कार्डाचं झेरॉक्स काढायचं ते आधार कार्डासकट साखर कारखान्यावर.

दरवर्षी गाव रिकामं व्हायचं, पण घर भरलेलं असायचं. यंदा ट्रक न येताच घरही रिकामं झालं होतं. लेक वर्षाराणी, जिचं नाव स्टुडिओवरून ठेवलेलं, बारावीला. तिला डॉक्टर व्हायचं, म्हणून बीडला क्लास लावलेला, आणि पोरीच्या खाण्यापिण्याचे हाल नकोत म्हणून बायको मनिषाही तिच्यासोबत बीडला खोली करून राहिलेली. बद्रीनाथ सकाळी खिचडी लावायचा, तीच दुपारी खायचा आणि संध्याकाळी तिच्याकडे नुसतं बघायचा. एका मंगळवारी तर दिवसभरात त्याच्याशी दोनच जण बोलले. त्यातली एक मोबाईल कंपनीची बाई होती आणि ती त्याचं काही ऐकून घेत नव्हती.

दुसरा होता रामकिसन. त्याचं समोरच खता-बियाण्यांचं दुकान. रामकिसनला कुठल्या योजनेत काय मिळतं हे सगळं ठाऊक असतं. स्वतःला आजवर एकही मिळालेली नाही, हा भाग वेगळा.

“काय बे बद्री,” रामकिसन रस्ता ओलांडून आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची बऱ्याच दिवसांत कुणाच्या बुडाला लागली नव्हती, म्हणून बद्रीनाथला बरं वाटलं. “सरकार लहान धंदेवाल्यांना अनुदान वाटायलंय अन् तू हितं माशा मारायलास.”

“कशाचं अनुदान?”

“मशीन घ्यायचं. निम्मं-शिम्मं सरकार देतंय. तू असं कर, कपावर फोटो छापायचं मशीन घे. बीडला लई चालतंय. नवरा-नवरीचा फोटो छापायचा कपावर, की च्या पिताना बघत बसायचं एकमेकाला.”

“समोरासमोर बसल्यावर कपावर कावून बघतील?” बद्रीनाथनं रास्त शंका काढली.

“समोरासमोर बसतंय कोण?” रामकिसन म्हणाला. तो सहज बोलून गेला, पण बद्रीनाथ उगाच झेरॉक्स मशीनची काच पुसायला लागला.

ही बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. शाळेचे मास्तर म्हणाले, कप नको, फ्लेक्स छापायचं मशीन घ्या. वाढदिवस काही ऊस तोडायला जात नाहीत. गल्लीच्या तोंडाशी राहणारे आसारामबप्पा, ज्यांना एका कानानं अजिबात आणि दुसऱ्यानं मर्जी असेल तेव्हा ऐकू येतं, ते म्हणाले, “म्हैस घे. म्हशीला लाईट लागत न्हाई.” सल्ला तसा बिनतोड होता. पण स्टुडिओत म्हैस ही कल्पना बद्रीनाथच्या पांढऱ्या रुमालाला सोसणारी नव्हती.

खरं सांगायचं तर त्याचा निर्णय मशीनवरून झालाच नाही. रामकिसन जाता जाता म्हणाला होता, “अर्ज केला की सायब स्वतः येतेत बघायला. बसतेत, इचारतेत, समदं लिवून घेतेत.” आपल्याकडे कुणीतरी येणार, बसणार, आणि विचारून वर लिहूनही घेणार! बद्रीनाथनं गुरुवारीच गेवराईची एसटी धरली.

गेवराईच्या सेवा केंद्रातल्या मुलीनं अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, जागेचा उतारा इथवर ठीक चाललं. मग तिनं विचारलं, “रोजचे सरासरी ग्राहक किती?”

बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं परवाचा मंगळवार आला. पण मागं रांगेत चार माणसं उभी होती आणि चार अनोळखी माणसांसमोर ‘शून्य’ हा आकडा तोंडातून काढणं कुठल्याही इस्त्रीच्या शर्टाला जमण्यासारखं नसतं.

“चाळीस,” तो म्हणाला.

मुलीनं वर पाहिलं. “चाळीस?”

“कधीकधी जास्ती.”

तिनं चाळीस लिहिलं. माणूस बुडतो तो समुद्रात नाही, अशा एखाद्या रकान्यात बुडतो.

मग ग्रामपंचायतीचं ना-हरकत. ग्रामसेवक गुरुवारी सापडतात, ते एका गुरुवारी सापडलेही. म्हणाले, “माझी हरकत नाही. पण सही सरपंचांची लागते.” सरपंच मोहनराव हे ऊसतोड टोळीचे मुकादम. ते आपली सगळी टोळी घेऊन कोल्हापूरच्या बाजूला कारखान्यावर. उपसरपंच त्याच टोळीत. म्हणजे चकलांब्याची ग्रामपंचायत त्या घडीला चकलांब्यात नव्हतीच. ती उसाच्या फडात, पाचटानं शाकारलेल्या कोपीत बसली होती. बद्रीनाथनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिकडं निघालेल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या हवाली केला. अठरा दिवसांनी कागद परत आला. सही होती, शिक्का होता आणि शिक्क्याच्या शेजारी चहाच्या कपाचा पूर्ण गोल उमटला होता, शिक्क्याहून ठसठशीत.

बीडच्या कार्यालयात (कुठल्या, ते सांगून उपयोग नाही, तिथल्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत एवढ्यावरून ओळखू येणार नाही) टेबलामागच्या बाईंनी तो गोल बराच वेळ न्याहाळला.

“हा दुसरा शिक्का कुणाचा?”

“चहाचा हाय मॅडम.”

“कशाला हवा होता?”

शेवटी त्यानं ‘सदर कागदावरील गोल हा चहाचा असून त्याचा प्रस्तावाशी काहीही संबंध नाही’ असं स्वयंघोषणापत्र लिहून दिलं. बावीस वर्षांच्या व्यवसायात इतकं खरं वाक्य त्यानं कधी लिहिलं नव्हतं. प्रस्ताव दाखल झाला.

बीडला आलाच होता, तर तो मनिषाच्या खोलीवर गेला. खोली होती क्लासच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाईंचा नियम असा, की वर सगळ्या शिकणाऱ्या पोरी राहतात, तेव्हा पुरुषमाणूस जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर चढणार नाही. बाप असो का भाऊ. नियम चांगलाच होता. बद्रीनाथ पहिल्या पायरीवर बसला. मनिषा खाली आली आणि तिसऱ्या पायरीवर बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झालेलं जोडपं असं दोन पायऱ्यांचं अंतर राखून बसलं होतं आणि येणारी-जाणारी पोरगी “सॉरी काका” म्हणत मधून जात होती.

“वर्षा?”

“टेस्ट हाय उद्या. उठवू नका तिला पुस्तकावरून.” मनिषानं डबा पुढं केला. “मेथी हाय. अन् काय हो, गालफाडं बसली तुमची. खाता का न्हाई?”

“खातो की. भरपूर.”

“बंद करा ते दुकान.”

“स्टुडिओ.”

“स्टुडिओ बंद करा. हितं चौकात एका फोटोवाल्याला माणूस पाहिजे. मी बोललेय त्याच्याशी. एकत्र तरी राहू. नुसतं कुलूप राखायला तिकडं कशाला थांबायचं?”

बद्रीनाथला तिच्या बोलण्यापेक्षा ते खरं असल्याचं जास्त लागलं. तो म्हणाला, “बावीस वर्षं स्वतःच्या पाटीखाली बसलोय. आता दुसऱ्याच्या हाताखाली ‘जरा मान वर करा’ म्हणू?”

मनिषानं डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून लावलं. मग ठरलं असं: मशीन मंजूर झालं तर स्टुडिओ चालू. नाही झालं, तर उन्हाळ्यात कुलूप आणि बीड. निघताना त्यानं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वर्षाराणीनं पुस्तकासकट हात हलवला. पुस्तक इतकं जाड होतं की पोरगी त्याच्यामागं जवळजवळ दिसतच नव्हती.

जानेवारीत फोन आला. बुधवारी अकरा वाजता साहेब स्थळपाहणीला येणार. “व्यवसाय चालू असल्याचा फोटो लागतो,” पलीकडचा आवाज म्हणाला. “अर्जात तुम्ही रोजचे चाळीस ग्राहक लिहिलेत. चाळीस नाहीत तरी निदान पाच-सहा दिसायला पाहिजेत.”

बद्रीनाथ रामकिसनकडे धावला. रामकिसन म्हणाला, “पाच? औंदा गावात पाच माणसं सरळ चालणारी न्हाईत.”

पण गिऱ्हाइकानं सरळ चाललं पाहिजे असं कुठल्याही योजनेत लिहिलेलं नव्हतं. बद्रीनाथ जानकीबाईंकडे गेला. सत्तरीच्या जानकीबाई दोन शेळ्या आणि एक कोंबडी घेऊन मागं राहिलेल्या. मुलगा अभिमन्यू, सून आणि नातवंडं फडावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी आमी नुसतं येऊन बसायचं?”

“हां काकू. साहेबानं विचारलं तर म्हणायचं, झेरॉक्सला आलोत, फोटोला आलोत.”

“अन् फोटू निगणार का खराच?”

“निघणार की.”

“मंग रुक्मिणीला बी आणते. तिला मेल्यावर भितीला लावायला धड फोटू न्हाई. सारखी म्हणती.”

बुधवारी नऊ वाजताच गिऱ्हाइकं आली. अकराची वेळ सांगूनही नऊला आली, कारण घरी कुणाला काही काम नव्हतं. जानकीबाई ठेवणीतलं इरकल नेसलेल्या. रुक्मिणीबाईंनी केसांना इतकं तेल लावलेलं की त्यांच्या डोक्यावर प्रकाश ठरत नव्हता. हे बद्रीनाथनं व्यावसायिक नजरेनं आधी टिपलं. आसारामबप्पा धुवट धोतरात, डोक्याला तांबडा पटका. आणखी दोन म्हातारे आणि एक आजी. सहा जण बाकड्यावर ओळीनं बसले आणि स्टुडिओला कुठल्याशा दवाखान्याची कळा आली. बद्रीनाथनं रंगीत तालीम घेतली. प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद दिला, झेरॉक्ससाठी आणलाय असं दिसावं म्हणून. आसारामबप्पांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला, कधी उपयोगी पडेल म्हणून.

साहेब बरोबर अकराला मोटारसायकलवर आले. नाव मृत्युंजय. तिशीच्या आतले, घाटनांदूरकडचे, चष्म्यावर चकलांब्याच्या रस्त्याची धूळ. आत आले, बाकड्यावरची रांग बघितली आणि दबकलेच.

“हे सगळे ग्राहक?”

“रोजचेच हायत सर,” बद्रीनाथ म्हणाला.

साहेबांनी जानकीबाईंना विचारलं, “आजी, तुम्ही कशासाठी आलात?”

“मी गिऱ्हाईक हाय,” जानकीबाई ठासून म्हणाल्या. “आमी समदे गिऱ्हाईक हावोत. आमाला तसंच सांगितलंय म्हणायला.”

बद्रीनाथनं रुमाल काढून कपाळ पुसलं. साहेबांनी घाईनं पुढच्याला गाठलं. “बाबा, तुम्ही काय काम काढलंत?”

“कांदं?” आसारामबप्पा म्हणाले. “कांदं न्हाई लावलं औंदा.”

साहेब भला माणूस होता. त्यांनी वहीत ‘ग्राहकांशी चर्चा केली’ असं लिहिलं, आणि चर्चा तर झालीच होती. मग म्हणाले, “मीही फोटोत असावं लागतं. माझ्या मोबाईलवरच काढायचा, अ‍ॅपमध्ये ठिकाणासकट जातो. कुणी काढेल का?”

आता, बावीस वर्षं फोटोग्राफर असलेल्या माणसासमोर असं विचारणं म्हणजे पोहणाऱ्यासमोर ‘विहिरीत कुणी उतरेल का’ म्हणण्यासारखं. बद्रीनाथनं मोबाईल हातात घेतला आणि त्याच्या अंगात काहीतरी सरळ झालं. त्यानं सगळ्यांना पाटीखाली रस्त्यावर आणलं. साहेब मधोमध. उंच म्हातारे मागं, बाया पुढं. रुक्मिणीबाईंना तेलामुळं सावलीत. “जानकीकाकू, पदर जरा इकडं. बप्पा, पटका वर. साहेब, चष्मा पुसा. हां. आता हसा.” कुणी हसेना. जुनी माणसं फोटोत हसत नाहीत. फोटो म्हणजे पुढं भिंतीवर हार घालून लावायची वस्तू, तिच्यात हसणं बरं दिसत नाही.

पाटीही यायला हवी होती, म्हणून बद्रीनाथ एक पाऊल मागं सरला. मग आणखी एक. “हसा की थोडं,” म्हणत आणखी एक, आणि त्याचा डावा पाय रामकिसनच्या दारापुढच्या नालीत गुडघ्यापर्यंत गेला. इस्त्रीची पँट, पॉलिशचा बूट, सगळं. पण हात हलला नाही. हे त्याच्या कलेबद्दल बोललंच पाहिजे. सहाच्या सहा म्हातारी माणसं आणि एक साहेब खदाखदा हसले आणि त्याच क्षणी त्यानं बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आला. नालीत उभ्या उभ्याच त्यानं तो बघितला आणि पायाला गार लागतंय हेही विसरला.

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं, दिलेल्या शब्दाप्रमाणं, प्रत्येकाचा आपल्या कॅमेऱ्यानं निराळा फोटो काढला. आणि आदल्या दिवशीचा फोटो साहेबांकडून मागवून सगळ्यांच्या मुलांना मोबाईलवर पाठवून दिला. कर्नाटकच्या हद्दीपासून कराडपर्यंत जिथं जिथं चकलांब्याची माणसं कोपीत होती, तिथं तो फोटो पोचला. संध्याकाळी एकेकाचे फोन आले, आणि म्हाताऱ्यांकडे मोबाईल नाहीत म्हणून ते बद्रीनाथच्या मोबाईलवर आले. तेव्हापासून दुपारी जेवणं झाली की सहाही जण स्टुडिओच्या बाकड्यावर येऊन बसायला लागले. फोन येईल म्हणून. फोन आला नाही तरी बसायचे. रुक्मिणीबाई वाती वळायच्या. आसारामबप्पा आठवड्यातून एकदा म्हशीचा विषय काढायचे. बद्रीनाथ अधूनमधून म्हणायचा, “अहो, हा स्टुडिओ हाय, चावडी न्हाई,” आणि मग उठून आणखी एक खुर्ची मांडायचा. महिनाभरात त्यानं झेरॉक्स काढली मोजून अकरा. पण खिचडी मात्र संपायला लागली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी मोबाईलवर संदेश आला. प्रस्ताव नामंजूर. कारण: छायाचित्रात लाभार्थी आढळून येत नाही.

बीडच्या टेबलामागच्या बाईंनी संगणकावर फोटो उघडून दाखवला. “हे बघा. साहेब आहेत. ग्राहक आहेत. पाटी आहे. तुम्ही कुठं आहात?”

“मॅडम, मी काढलाय तो.”

“असेल. पण दिसत नाही ना.”

“काढणारा कसा दिसेल?”

“ते मला माहीत नाही. चांगला फोटो आहे हो, सगळे किती हसतायत,” बाई मनापासून म्हणाल्या. “पण तुम्ही तिथं होता याचा पुरावा काय?”

पुरावा म्हणून त्याच्याकडे एक नालीत बाद झालेला बूट होता. तो चालण्यासारखा नव्हता. बाई म्हणाल्या, एक एप्रिलनंतर नवीन वर्षात पुन्हा अर्ज करा, कागद हेच चालतील, चहाचासुद्धा.

पहिल्या पायरीवर बसून त्यानं हे मनिषाला सांगितलं. सांगताना स्वर गंभीर ठेवला होता. मनिषा ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले. नालीपर्यंत आल्यावर ती इतकी हसली की घरमालकीणबाई दार उघडून बघून गेल्या. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“मग?” ती शेवटी म्हणाली. “कुलूप?”

“एकदा अजून बघतो.”

ती नको म्हणाली नाही. दोन पायऱ्या खाली सरकून त्याच्या शेजारी बसली, तेवढ्यात वरून कुणीतरी पोरगी “सॉरी काका” म्हणत उतरायला लागली आणि दोघांना दोन बाजूंना सरकावं लागलं.

एप्रिलात कारखान्यांचे पट्टे पडले, हंगाम संपला आणि ट्रक परत आले. एका दिवसात गाव भरलं. गल्लीत लेकरं, दारात चुली, भोंग्यावर गाणी. बद्रीनाथ स्टुडिओच्या दारात उभा राहून बघत होता. उतरणारे त्याला लांबून हात करत होते आणि आपापल्या घराकडं पळत होते. त्या दुपारी बाकड्यावर कुणी आलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. जानकीबाईंच्या अंगाखांद्यावर नातवंडं होती. आसारामबप्पांना सून जोरात ओरडून काहीतरी सांगत होती आणि ते आनंदानं न ऐकल्यासारखं करत होते. बरोबरच होतं. माणसं आपल्या माणसांत गेली होती, याच्यावर कुणी रुसायचं नसतं. बद्रीनाथनं तीन जादा खुर्च्या उचलून आत ठेवल्या. गाव रिकामं असताना त्याच्याकडं सहा माणसं असायची. आता गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि स्टुडिओत तो एकटा. पुन्हा खिचडी उरायला लागली.

अशात नव्या अर्जावर दुसरी पाहणी लागली. साहेब तेच, मृत्युंजय. बद्रीनाथनं यावेळी कुणाला बोलावलंच नाही. ज्यांची लेकरं सहा महिन्यांनी घरी आलीत त्यांना उठवून बाकड्यावर बसवायचं, हे त्याला काही केल्या जमेना.

साहेबांनी आत येऊन रिकामं बाकडं बघितलं. “मागच्या वेळी लाभार्थी नव्हता,” ते हळूच म्हणाले, “आता ग्राहक नाहीत.”

“व्हय सर.”

“थांबू थोडं.”

दोघं थांबले. समोरून सगळं गाव जात होतं. रामकिसनकडं गर्दी होती. अर्धा तास झाला. साहेब बोलायला म्हणून बोलले, की ते बीडला खोली करून एकटेच राहतात, खाणावळीची भाजी एकाच चवीची असते. बद्रीनाथ म्हणाला, खिचडी सोपी पडते. साहेब म्हणाले, हो, पण संध्याकाळी ती बघवत नाही. बद्रीनाथनं पहिल्यांदाच त्या माणसाकडे साहेब म्हणून न बघता बघितलं.

तेवढ्यात दारात एक काळाभोर, रुंद खांद्याचा गडी उभा राहिला. जानकीबाईंचा अभिमन्यू. त्यानं मोबाईल पुढं केला. “बद्रीभाऊ, ह्यो फोटू मोठा करून पायजे. काच लावून.”

नालीवाला फोटो होता.

“लई दिवस कोपीत बघत हुतो ह्याच्याकडं,” अभिमन्यू म्हणाला. “म्हातारा गेल्यापासून मायला हसताना बघितलं न्हवतं मी. हे कोण, हे सायब व्हय? अन् तुमी कुठंयत ह्याच्यात?”

“मी नाही. मी काढत होतो.”

“मंग ही समदी कुणाकडं बघून हसायलीत?”

बद्रीनाथनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला एकदम रुमालाची गरज लागली. साहेबच म्हणाले, “यांच्याकडं. नालीत गेले होते.” दोघं त्या मोबाईलवर वाकलेले असतानाच साहेबांनी आपला फोन लांब धरून स्वतःसकट फोटो टिपून घेतला. मग अ‍ॅपमध्ये लिहायला लागले. ‘उपस्थित ग्राहक’ या रकान्यापाशी थबकले, अभिमन्यूच्या हातातल्या फोटोतली डोकी बोटानं मोजली, आणि लिहिलं: सात.

मंजुरी आषाढात आली. मशीनही आलं, आणि बरं चालतंय. पण बद्रीनाथ ती गोष्ट सांगत नाही. विचारलं तर त्या पाहणीच्या दिवसाचं पुढचं सांगतो. साहेबांची मोटारसायकल गेल्यावर अभिमन्यू म्हणाला, “चला, माय म्हणली जेवायला घेऊन ये बद्रीला. येसराची आमटी केलीय.”

आता, पांढरपेशा माणसाला जेवायला बोलावलं की त्यानं आधी नको म्हणायचं असतं. मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग पुन्हा नको, मग हात धरून ओढायचं, असा तो रिवाज. बद्रीनाथ म्हणाला, “नको नको. माझा स्वयंपाक झालाय.”

अभिमन्यू सहा महिने फडात राहून आलेला. तिथं माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असतं. “बरं,” तो म्हणाला आणि निघून गेला.

बद्रीनाथ अब्रूसकट स्टुडिओत उभा राहिला. आत पातेल्यात सकाळची खिचडी होती. त्यानं झाकण उघडलं, लावलं. अभिमन्यू कोपऱ्यावर वळलेला दिसला. पंखा चालू होता, बंद केला. पुन्हा चालू केला. मग त्यानं शटर खाली ओढलं आणि भर दुपारी, एरवी कधी चालत नाही अशा चालीनं गल्ली गाठली. दारापाशी पोचेपर्यंत काय सबब सांगायची ते जुळवत होता: फोटोची साईज विचारायची राहिली, असं काहीतरी.

सांगायची वेळ आलीच नाही. जानकीबाई चुलीपुढून मान न वळवता म्हणाल्या, “कावून रं एवढा उशीर? हात धू. भाकरी गार व्हायली.”